प्लास्टरातलं मीठ

दीड फुटी गणपतींच्या प्लास्टरमध्ये मीठ मी घातलं होतं, आणि विद्याताईने विचारलं तेव्हा 'नाय' म्हणणाराही मीच. हे आधीच लिहून टाकतो. या प्रकरणात पुढे पेणचं घर, मामीच्या हातचं जेवण आणि माझा दहावीचा अभ्यास यांबद्दल पुष्कळ येणार आहे. ते लिहिण्याच्या भरात मी ही गोष्ट पुन्हा मागे ढकलीन, अशी मला भीती वाटते. इतकी वर्षं तसंच करत आलो. आता मी रोह्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो. क्षारांचा धडा दरवर्षी येतो. दरवर्षी मी पावसाळ्यात पाणी सुटणाऱ्या मिठाचं उदाहरण देतो, मुलं माना डोलावतात आणि मी फळा पुसतो.

नववीपर्यंत मी गावीच होतो. गाव रोह्याच्या पलीकडे डोंगराच्या कडेला. घरची भातशेती, आणि वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. माझं विज्ञान कच्चं होतं, म्हणजे पाठ भरपूर होतं पण कळलेलं काही नव्हतं. नववीचा निकाल बघून वडील एवढंच म्हणाले, "याला पेणला टाकू या." 'टाकू या' हा शब्द मला लागला. पण पेण म्हणजे मामाचं घर, म्हणून गप्प बसलो. वडिलांनी एकच अट घातली. दहावी सुरू झाली तरी रोज थोडं थोडं नववीचं विज्ञान पुन्हा वाचायचं, आणि तेही पहिल्या धड्यापासून.

मामाचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांबच लांब शेड, पण शेड कधीच पुरत नसे. पडवीत गणपती, माडीवर गणपती, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक गणपती. त्यांच्यामधून अंग चोरून वर जायचं. घरी नेऊन प्राणप्रतिष्ठा होत नाही तोवर मामा त्यांना 'माल' म्हणत. मी नवीन होतो तेव्हा एका मूर्तीला माझा पाय लागला. मी लगेच वाकून नमस्कार केला. मामा ओरडले, "अरे नमस्कार कसला करतोस, सोंड शाबूत हाय का बघ आधी." सकाळी जाग यायची ती पॉलिश पेपरच्या खरखरीने. मधूनच रबरी साचा मूर्तीवरून सोलून काढल्याचा ओला आवाज यायचा. पांढरी धूळ सगळीकडे असायची. वालाच्या बिरड्यावर मामी ताट उपडं घाले, भाकऱ्या दुहेरी फडक्यात गुंडाळी, तरी एखादा घास दाताखाली कचकचायचाच. "खा, पोटात गणपती बसेल," असं ती म्हणायची आणि आणखी एक भाकरी वाढायची. सकाळचे पोहे मात्र ती शेडपासून लांब, पुढच्या अंगणात बसवून खायला घाली. ओलं खोबरं आणि कोथिंबीर घातलेले ते जाडसर पोहे मला अजून आठवतात. नंतर पुष्कळ ठिकाणी पोहे खाल्ले, पण मामीचे ते वेगळेच होते.

विद्याताई ही मामाची एकुलती एक मुलगी, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. दहावीला तिला चांगले गुण होते. पुढे सायन्सला जायची तिची इच्छा होती. पण कारखान्यात हात कमी पडत होते, आणि मुलीने शिकून करायचं काय, हा प्रश्न त्या वेळी कुणालाच उद्धट वाटत नसे. ती मूर्ती घासायची, त्यांना पांढऱ्या रंगाचा पहिला हात द्यायची, पितांबर रंगवायची. तिने मला सांगून ठेवलं होतं, "वाचायचं ते शेडमध्ये बसून वाच आणि मोठ्याने वाच. माझंपण होईल."

अशी आमची उजळणी सुरू झाली. मी पोत्यावर बसून वाचायचो, ती हातातलं काम न थांबवता ऐकायची.

"जडत्व म्हणजे वस्तूची आहे त्या स्थितीत राहण्याची प्रवृत्ती," मी वाचलं.

"म्हणजे सकाळी सातला तू," ताई म्हणाली.

"बाह्य बल लावल्याशिवाय ती स्थिती बदलत नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाली, "उद्या लावते बाह्य बल. बादलीभर गार पाणी."

ताईला व्याख्या नको असायची. तिला 'का' हवं असायचं. ब्रश पाण्याच्या पेल्यात ठेवला की मोडल्यासारखा का दिसतो. पत्र्यावर दुपारी हात टेकवत नाही आणि शेजारच्या लाकडी वाशावर टेकवतो, दोघंही एकाच उन्हात असताना. शाडूचा गणपती विसर्जनात सरळ तळाला जातो आणि प्लास्टरचा थोडा वेळ तरंगतो, ते का. "प्लास्टर हलकं असतं," मी म्हणालो. तिने फुटक्या मूर्तीचा एक भरीव तुकडा बादलीत टाकायला लावला. तो बुडाला. मग एक अख्खी पोकळ मूर्ती हळूच पाण्यावर ठेवली. ती तिरपी होऊन तरंगली आणि बुडाच्या भोकातून पाणी शिरेपर्यंत तशीच राहिली. "आतली हवा कोण मोजणार?" ताई म्हणाली. वस्तुमान भागिले आकारमान हे मला नववीभर पाठ होतं, पण घनता मला त्या बादलीपाशी कळली. आजही मी वर्गात बादली नेतो. ही युक्ती कुणाची, ते मात्र आजवर मुलांना सांगितलेलं नाही.

माझी एक वाईट खोड होती. 'मला माहीत नाही' हे मला म्हणता येत नसे. धरमतरच्या बाजूच्या मिठागरातलं जाडं मीठ मामीकडे पोत्याने यायचं. लोणच्याला, सुकवायच्या मासळीला आणि रोजच्या जेवणालाही तेच. पावसाळ्यात त्याच्या बरणीच्या तळाशी पाणी साचे. एकदा ताईने विचारलं, "मनू, मिठात हे पाणी येतं कुठून रे?"

"बाष्पीभवन," मी ठोकून दिलं.

"ते पाणी जाण्याला म्हणतात ना? हे तर येतंय."

"उलटं बाष्पीभवन."

ती इतकी हसली की तिला ब्रश खाली ठेवावा लागला. मी मात्र पुस्तक उघडून खरं उत्तर शोधलं नाही. शोधलं असतं तर पुढचं काही झालं नसतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण ते खरं नाही. मीठ काय करतं हे मला माहीत नव्हतं, हा माझा गुन्हा नाही. माझा गुन्हा नंतरचा आहे.

एके दिवशी ताईने माझा हात धरून नुकत्याच भरलेल्या साच्यावर ठेवला. साचा चांगलाच गरम होता. "चूल नाय, ऊन नाय. मग ही ऊब कुठली?" आम्ही दहावीच्या पुस्तकात शोधलं. जिप्सम तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि उरतं ते प्लास्टर. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते पाणी धरून घेतं, घट्ट होतं आणि उष्णता बाहेर टाकतं. ताई बराच वेळ साच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भट्टीत घेतलेलं परत देतंय." सरांनी वर्गात हे समीकरण लिहिलं होतं, मी ते उतरवून घेतलं होतं. पण त्याचा अर्थ असा एका वाक्यात सांगता येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आम्हाला प्रयोगांचं वेडच लागलं. प्लास्टर लवकर घट्ट कशाने होतं, हे पाहायचं ठरलं. चार वाट्या घेतल्या. एकीत गरम पाणी, एकीत साखर, एकीत मीठ, आणि चौथीत नुसतं साधं पाणी. चौथी ताईचा आग्रह म्हणून. सरांनी शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. मी हे तिला वाचून दाखवलं होतं, पण माझ्याआधी ते तिने मनावर घेतलं. साखरेची वाटी लगद्यासारखी राहिली. मिठाची वाटी बघता बघता दगड झाली. मी नाचायचाच बाकी होतो. ताईलाही मजा वाटली, पण वाट्या धुताना ती म्हणाली, "वाटीतलं वाटीत ठेव हां. मालात काय घालायचं असेल तर आधी बाबांना विचार."

आषाढात लावणीसाठी गजा आपल्या गावी गेला. गजा म्हणजे मामाचा साचे भरणारा माणूस. मोठ्या मूर्ती मामांनी स्वतःकडे घेतल्या आणि दीड फुटी माझ्यावर सोपवल्या. शाळेतून आलो की घमेल्यात प्लास्टर कालवायचं, काथ्याचे तुकडे घालत साचा भरायचा आणि घट्ट होईपर्यंत धरून बसायचं. त्या दमट हवेत ते बसणं संपतच नसे. चाचणी परीक्षा जवळ आली होती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी मामीच्या पोत्यातलं मूठभर मीठ पाण्यात विरघळवलं. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं तर वाटीत जमलेली गोष्ट मोठ्या घमेल्यात जमते का, हे मला बघायचं होतं. आणि ती जमली. साचे भराभर सुटू लागले. मामा येऊन उभे राहिले, सुटलेल्या मूर्ती मोजल्यासारख्या नजरेखालून घातल्या आणि म्हणाले, "मास्तरच्या पोराचा हात चालतो हां." मामांकडून अशी दाद फार क्वचित मिळायची. त्यानंतर थांबणं मला शक्यच नव्हतं. मी त्यांना काही विचारलंही नाही.

त्याच वर्षी श्रावणात मामांनी ताईच्या हाती बारीक ब्रश दिला. डोळ्यांची आखणी हे आमच्या कारखान्यातलं शेवटचं आणि सगळ्यांत मानाचं काम. ते मामा कुणालाही करू देत नसत. बुबुळ केसभर सरकलं की मूर्ती तिरळी दिसते, आणि तिरळा गणपती कुणी घेत नाही. ताई कित्येक वर्षं फुटक्या तुकड्यांवर डोळे आखून बघत होती. मामांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्या वर्षी कामाचा रेटा इतका होता की ते म्हणाले, "दीड फुटी तू घे. रंगापासून डोळ्यांपर्यंत सगळं." पहिला डोळा आखताना तिने श्वास धरला होता. मी पोत्यावर बसून पुस्तकातला ध्वनीचा धडा वाचत होतो. माझं वाचणं आपोआप थांबलं. डोळे पुरे झाले तेव्हा मामांनी मूर्ती उचलून दाराच्या उजेडात धरली आणि "हं" म्हणाले. ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मूर्ती ठरवायला येणारी माणसं विचारू लागली, "यंदा बारक्या मूर्तींचे डोळे कुणाच्या हातचे?" मामी सांगायची, "आमच्या विद्याच्या," आणि उगाच डोक्यावरचा पदर सारखा करायची.

चतुर्थीला अजून अवकाश होता तेव्हाच एका सकाळी दीड फुटींच्या रांगेतल्या एका मूर्तीच्या पोटावर फोड दिसला. बोट लावलं तर रंगाची खपली निघाली आणि खाली पांढरं भुरभुरीत काहीतरी. दोन दिवसांत सगळ्या रांगेला घाम फुटला. पितांबराचा पिवळा रंग पायांवर ओघळला. काहींच्या डोळ्यांखाली काळे ओघळ आले. मोठ्या मूर्ती शेजारीच उभ्या होत्या, कोरड्या ठणठणीत. मामांनी रंगाचे डबे तपासले, सरस तपासला. रंग सगळ्यांना एकाच डब्यातला लावला होता. फरक एकच होता, तो म्हणजे हात. मोठ्यांना मामांचा, बारक्यांना ताईचा.

आमच्या कारखान्यांतून तेव्हा एक समज होता. काही माणसांच्या हाताला पाणी सुटतं आणि तसा हात लागला की मूर्तीवर रंग धरत नाही, असं जुने लोक सांगायचे. अशा माणसाला घासायला बसवावं, ब्रश देऊ नये. मामा म्हणाले, "विद्या, हात दाखव." तिने दोन्ही तळवे पुढे केले. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला. तळवे ओले होते. तिच्या जागी कुणाचेही झाले असते. मामा रागावले नाहीत. "तुझा दोष नाय गो. हातच तसा असतो एकेकाचा," असं म्हणून त्यांनी बारीक ब्रश तिच्यासमोरून उचलला आणि आपल्या खिशाला अडकवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मी त्या दुपारी एकटाच शेडमध्ये गेलो. एका मूर्तीच्या पाठीवरून पाण्याचा थेंब खाली येत होता. का कुणास ठाऊक, मी तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला. तो खारट होता. त्या क्षणी मला सगळं कळलं. बरणीच्या तळाचं पाणी आणि हे पाणी एकच होतं. साचा सुटला की मिठाचं काम संपलं, असं मी समजत होतो. पण मीठ प्लास्टरात तसंच बसून होतं आणि हवेतून पाणी ओढत होतं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर फारच हावरं. हे नाव मी पुढे शिकलो, पण नावाची गरज तेव्हाही नव्हती. मोठ्यांत आणि बारक्यांत दोन फरक होते. एक सगळ्यांना दिसत होता, दुसरा फक्त मला ठाऊक होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. हे वाक्य मला पाठ होतं.

मागून ताई आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज सरळ होता. "मनू, खरं सांग. त्या दिवशी वाटीत केलंस ते घमेल्यात नाय ना केलंस?"

"नाय," मी म्हणालो.

"शप्पथ?"

"अगो नाय. मी कशाला घालू?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच विश्वास ठेवला. "मग माझाच हात," एवढंच म्हणून ती गेली. तिने पुन्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असा मी बरेच दिवस मनाशी युक्तिवाद केला. पण तिने एकदा विचारलं होतं, आणि एकदा विचारणं पुरेसं असतं.

त्या मूर्ती खरवडून, उन्हं पडली तशी वाळवून मामांनी पुन्हा रंगवल्या. त्यांतल्या काही नेल्या गेल्या, बऱ्याच पडून राहिल्या. गजा परत आला आणि मीठ बंद झालं, त्यामुळे दुसऱ्या वर्षी काही बिघडलं नाही. ताईने रंगाला हात लावला नाही म्हणून बिघडलं नाही, असं सगळ्यांनी धरलं. ती पॉलिश पेपरवर परत गेली होती. माझं मोठ्याने वाचणं चालू होतं, पण तिचे प्रश्न कमी झाले. दहावीला विज्ञानात मला उत्तम गुण मिळाले. पेढे वाटायला ताईच फिरली. पुढे तिचं लग्न होऊन ती रोह्याजवळच्या खांब गावाला गेली. दारात रांगोळी घालायची वेळ आली की ती हसून जावेला पुढे करायची, "तू घाल, माझ्या हाताला पाणी सुटतं." ती हे गमतीने म्हणायची, आणि तिथे असलो की मीही सगळ्यांबरोबर हसायचो. मामा गेले तेव्हाही मी काही बोललो नाही.

या वर्षी तिची नात आर्या दहावीला आहे. दर रविवारी ताई तिला घेऊन खांबहून रोह्याला येते. मी विज्ञानाची उजळणी घेतो आणि ताई मागे खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन ऐकत बसते. प्रश्न आर्यापेक्षा तिचेच जास्त असतात. परवाच्या रविवारी भिंगाच्या किरणाकृती चालल्या होत्या. आर्याचं भिंग दर वेळी एका बाजूला फुगायचं. शेवटी कंटाळून ती म्हणाली, "आजी, तू काढून दे ना. तुला येईल."

"नको गो," ताई म्हणाली. "माझ्या हाताला पाणी सुटतं. कागद खराब होईल."

आर्याने विचारलं, "म्हणजे काय?" आणि ताई तिला सांगू लागली. पेणचा कारखाना, दीड फुटी गणपती, ओघळलेले डोळे. कुठेही कटुता नाही, जसं एखाद्याला चष्मा असतो तसा तिला तो हात होता. मी खडू हातात घेऊन उभा होतो. माझ्या लक्षात आलं की ती ही गोष्ट आता नातीला देते आहे, आणि पुढे आर्याही ती कुणाला तरी सांगेल.

"ताई, थांब," मी म्हणालो. "ते तसं नव्हतं. प्लास्टरमध्ये मीठ होतं. मी घातलं होतं. गजा लावणीला गेला तेव्हापासून, रोज."

आर्या कधी माझ्याकडे, कधी आजीकडे बघत होती. ताईने पिशवी खाली ठेवली.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तू शप्पथ घेतली होतीस?"

"शपथ टाळली. पण नाही म्हणालो. आणि तेव्हा मला माहीत होतं. मी थेंब चाखला होता."

"बाबा असताना का नाय सांगितलंस? ते जाईपर्यंत मला म्हणायचे, तुझ्या पोरींना ब्रश देऊ नको."

भीती वाटत होती, हे खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं. माहीत नाही असं म्हणणंही खोटं झालं असतं. मी तिच्या समोरच्या बाकावर बसलो, कारण उभं राहून बोललं असतं तर ते शिकवल्यासारखं झालं असतं.

"ताई, तुझा हात चांगला होता. त्या कारखान्यात मामांनंतर तसा हात दुसरा कुणाचा नव्हता. तो मी तुझ्याकडून काढून घेतला, आणि तू विचारलंस तेव्हा परत द्यायची संधी असून दिला नाही. मामांनाही मी फसवलं, त्यांची माफी मागायची वेळ मी घालवली. तुझी मागतो. माझं चुकलं. मला माफ कर."

आर्याच्या देखत मी हे बोललो, आणि ते तिच्या देखत बोलायलाच हवं होतं.